कर नाकारायचा की मत टाकून यायचं?

बायकांना मताचा हक्क नाही, तर त्यांनी कर कशाला भरायचा? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात राहणाऱ्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ल्यूसी स्टोनने १८५८ मध्ये घरपट्टी भरायला साफ नकार दिला. घरातलं सामान लिलावात निघालं.

याच लढ्यातल्या सुझन अँथनीने दुसरी वाट धरली. १८७२ मध्ये रॉचेस्टरला तिने थेट मतच टाकलं. अटक झाली, खटला चालला. न्यायाधीशाने ज्यूरीला विचारही करू दिला नाही, दोषी ठरवायला लावलं. शंभर डॉलर दंड तिने शेवटपर्यंत भरला नाही.

मला अँथनीची वाट जास्त परिणामकारक वाटते. खटल्यामुळे प्रश्न देशभर पोचला. पण मनात घर करते ती स्टोन. १८७९ मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये बायकांना शाळा समितीसाठी मत मिळालं, तेव्हा नवऱ्याचं आडनाव लावत नाही म्हणून तिचं नाव यादीतून काढलं. तिने आडनाव लावलं नाहीच.