म्यूर वूड्स: पोरांना घेऊन ओढ्याकाठची हाईक (पाचपैकी साडेचार स्टार)

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नवीन आलेल्या कुठल्याही आईबाबांनी विचारलं की लहान मुलांना पहिल्या हाईकला कुठे न्यायचं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, म्यूर वूड्सचं जंगल. लोक तिथे रेडवूडची उंच झाडं बघायला जातात, पण मुलांसोबत खरी मजा आहे ती रेडवूड क्रीक या ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या मेन ट्रेलची. अगदी सपाट, बराचसा लाकडी फळ्यांचा, स्ट्रोलर आरामात जातो. आणि ओढ्यावर थोड्याथोड्या अंतराने पूल आहेत, ही सगळ्यात मोठी सोय! दुसऱ्या पुलावरून ओलांडून मागे फिरलात तर अर्धा तास, तिसऱ्यावरून तासभर, चौथ्यापर्यंत गेलात तर दीड तास, म्हणजे हे मोठ्यांच्या चालीने हं, तीन-चार वर्षांचं पोर असेल तर दुप्पट धरा. कुणी कंटाळलं, रडलं की पुढचा पूल गाठायचा आणि वळायचं. चौथ्या पुलावरून परत येताना हिलसाईड ट्रेल लागतो, तो अरुंद आहे, स्ट्रोलर असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

मुलांना बघायला खूप काही आहे, फक्त नजर खाली ठेवायला सांगा. पावसाळी दिवसांत पिवळ्याधमक, शंख नसलेल्या गोगलगाई (बनाना स्लग) दिसतात. झाडांखाली जमिनीवर आपल्या आंबुशीसारखी पानं पसरलेली असतात, आणि ती खरंच आंबुशीच्याच कुळातली आहेत, थेट ऊन पडलं की पानं मिटून घेतात, माझी मुलगी तिथून हलायलाच तयार नव्हती. बे लॉरेल नावाच्या झाडाचं खाली पडलेलं पान चुरून हुंगायला द्या, लगेच तमालपत्र आठवेल. तोडायचं मात्र काही नाही आणि घरीही न्यायचं नाही.

पाण्यात उतरता येत नाही. मुलं हट्ट करतात, पण त्यांना कारण सांगा, ऐकतात. हिवाळ्यात कोहो सामन मासे समुद्रातून याच ओढ्यात अंडी घालायला येतात आणि त्यांची संख्या फार कमी झालीये. १९३० च्या दशकात काठाला दगड रचून ओढा बांधून टाकला होता, आता त्यातले बरेचसे दगड काढलेत, आणि पडलेली झाडं पाण्यात तशीच ठेवतात कारण माशांना आडोसा लागतो. मला ही गोष्ट फार आवडते. त्याआधी तर इथे धरण बांधून सगळी दरीच बुडवायची चालली होती, म्हणून विल्यम आणि एलिझाबेथ केंट या जोडप्याने ही जमीन सरकारला देऊन टाकली आणि १९०८ साली ती राष्ट्रीय स्मारक झाली. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना हे नक्की सांगा.

आता कामाचं. पार्किंगचं रिझर्वेशन आधी करावंच लागतं, आयत्या वेळी जाऊन जागा मिळत नाही. आणि तिथे मोबाईलला रेंज नाही, तेव्हा रिझर्वेशन घरूनच डाऊनलोड करून ठेवा. प्रवेश १६ वर्षं आणि त्यापुढच्यांना १५ डॉलर, त्याखालच्यांना फुकट. शेवटचा रस्ता चांगलाच नागमोडी आहे, गाडी लागणारं मूल असेल तर निघताना पोटभर खाऊ घालू नका. बाथरूम सुरुवातीलाच आहे, आत कुठेही नाही, त्यामुळे "नाही आली" म्हटलं तरी एकदा नेऊन आणाच. उन्हाळ्यातही आत गारवा असतो, स्वेटर हवाच.

अर्धा स्टार कापला तो डब्यासाठी. आत बसून खाता येत नाही, फक्त कॅफेजवळ चालतं. प्राण्यांसाठी ते योग्यच आहे, पण दीड तास चाललेल्या भुकेल्या पोरांना ते कोण समजावणार! आम्ही थेपले आणि बटाट्याची भाजी गाडीतच ठेवतो आणि नंतर म्यूर बीचला जाऊन खातो, गाडीने जवळच आहे, बसायला टेबलं आहेत, आणि हाच ओढा तिथे समुद्राला मिळतो, तोही मुलांना दाखवता येतो.

जमलं तर सकाळी लवकरचा स्लॉट घ्या, दुपारी इतकी गर्दी असते की ओढ्याचा आवाजही ऐकू येत नाही.