पितळी जॉबसाठी टम्बलिंग मीडिया: पिना, मका की अक्रोड? वापरानंतरचा अनुभव

नाशिकच्या सातपूर-अंबडकडे ट्रॉबवर (ऑटोमॅटिक लेथवर) निघणारे छोटे पितळी जॉब, म्हणजे सुटे भाग: नोझल, स्लीव्ह, आतून आटे असलेले नट, टम्बलिंगने, म्हणजे मीडियासोबत ड्रममध्ये फिरवून किंवा हलवून, साफ करायला स्टेनलेसच्या पिना, मक्याची ग्रिट (दाणे काढलेल्या कणसाचा चाळलेला रवा) आणि अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हे तिन्ही मीडिया उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत चालवून झाले. निकाल आधीच सांगतो: धुलाई पिनांनी, वाळवण मक्यात. अक्रोड तिसरा. आणि यापैकी कशानेही बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर) निघत नाही. त्याला सिरॅमिक मीडियाच लागतो.

पिना ०.५ मिमी जाड आणि ५ मिमी लांब घेतल्या. नव्या पिनांवर तेलकट थर असतो, म्हणून पहिली फेरी जॉब न टाकता साबणाच्या गरम पाण्यात द्यायची. नाहीतर तो काळपट राप पितळावर बसतो. सात किलोच्या फिरत्या ड्रमला सव्वादोन किलो पिना, साधारण ९०० ग्रॅम जॉब, पावणेचार लिटर पाणी, चमचाभर भांडी घासायचं लिक्विड आणि लिंबूसत्त्व चहाच्या चमच्याने पाव चमचाच. तास-दीड तासात आटे आतपर्यंत पिवळे होतात, हे कोरड्या मीडियाला जमत नाही. तीन-चार तास ठेवलं तर चमक वाढत नाही. उलट जॉब एकमेकांवर आपटून कडा चेपतात आणि पहिल्या आट्यात तपासणीचा गेज अडतो.

पिना अडकतात त्या बहुतेक जोडीने. भोक पिनेच्या जेमतेम दुप्पट असेल, म्हणजे इथे १ मिमीच्या आसपास, तर दोन पिना शेजारी शेजारी पाचर मारल्यासारख्या बसतात. बंद भोकाचा जॉब पालथा करून ठोकावाच लागतो. सांडलेल्या पिना मात्र चुंबकाने गोळा होतात: तार थंड ओढल्यामुळे ३०४ स्टेनलेसही थोडं चुंबकाला लागतं.

लिंबूसत्त्व जास्त पडलं किंवा ड्रम थांबल्यावर जॉब त्याच पाण्यात राहिले, की पितळातलं जस्त आधी सुटतं आणि गुलाबी डाग येतात. समईला चिंच लावून विसरलं की तीही अशीच तांबूस पडते. साधा लोखंडी स्क्रू किंवा छिलका ड्रममध्ये गेला तर पाण्यातलं तांबं पितळी जॉबवर चढतं. म्हणून जॉबमध्ये मिसळलेला कचरा आधी चाळून काढा.

खळबळायला पालिकेचं पाणी चालून जातं. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, तेव्हा शेवटचं पाणी आरओचं घ्या. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी घेऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

मग लगेच मका. २०/४० मेशची ग्रिट (मेश म्हणजे चाळणीचा नंबर, आकडा मोठा तितका दाणा बारीक) व्हायब्रोमध्ये, म्हणजे थरथरणाऱ्या वाटीच्या यंत्रात, वीस ते तीस मिनिटं. १४/२० मेश लवकर ओतून निघते, पण बारीक भोकांत तिचे दाणे अडकतात. बारीक ग्रिट झटकली की पडते. येवला-लासलगाव पट्ट्यात मका भरपूर, त्यामुळे कणसाचा भरड भुगा स्वस्त मिळतो. तो घेऊ नये: दाणा लहानमोठा, ओल जास्त. जून-जुलैत चांगली ग्रिटही हवेतली ओल ओढून गोळे धरते, जॉब ओलाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी काळवंडतो. ग्रिट ताटात पसरून ओव्हनमध्ये ८०-९० अंशांवर तासभर तापवायची, गार झाल्यावर झाकणाच्या डब्यात भरायची. वास आंबट यायला लागला की फेकून द्या.

अक्रोड मक्यापेक्षा कडक, जुनाट काळा थर झटकन खरवडतो. पण लाल रूज (पॉलिशची पूड) लावलेला भुगा आट्यांत लाल पीठ सोडतो, ते पुन्हा धुवावंच लागतं. मग पिनांनीच का नाही?

पॉलिश घालायचंच असेल तर बाटलीवर अमोनिया लिहिलंय का ते पाहा. ओढून किंवा दाबून बनवलेल्या पितळात ताण उरलेला असतो. अमोनिया आणि ओल मिळाली की ते आपोआप तडकतं. ब्रिटिश काळात भारतातल्या पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसांच्या पितळी पुंगळ्या अशाच फुटत होत्या. घोड्यांच्या मुताचा अमोनिया त्याला कारण होता हे १९२१ मध्ये उलगडलं. परदेशात रिकामी काडतुसं पुन्हा भरणारे लोक आज हाच मका-अक्रोड वापरतात आणि अमोनिया टाळतात.

धुळीबद्दल इथे फार बेफिकिरी दिसते. ट्रॉबच्या फ्री-कटिंग (सहज कापलं जाणाऱ्या) पितळात साधारण २ ते ३ टक्के शिसं असतं आणि कोरड्या मीडियात ते हळूहळू साचतं. व्हायब्रोच्या वाटीत जुन्या सुती कापडाच्या दोन-तीन पट्ट्या टाका, त्या धूळ धरतात. चाळणं बाहेर, मास्क लावून. याच ड्रममध्ये पूजेची निरांजनं चालतील, पण खायची-प्यायची भांडी घालू नका. काळं पाणी गटारात ओतू नये: रात्रभर निवळू द्या, वरचं नितळ पाणी पुढच्या पहिल्या धुलाईला वापरा आणि तळाचा गाळ वाळवून कारखान्याच्या घातक कचऱ्यात द्या.