पाचव्या पायरीवरचा फुटबॉल: पाचपैकी साडेतीन तारे

जर्मनीत डॉर्टमुंडच्या बुंडेसलीगाचं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगचं, तिकीट मिळेना, म्हणून ओबरलीगा वेस्टफालेन या पाचव्या पायरीवरच्या प्रादेशिक लीगचा सामना बघायला गेलो. क्लबचं नाव देत नाही, कारण तक्रारही आहे: दारावर कार्ड चालत नाही, एटीएम पंधरा मिनिटं लांब आणि वर पाऊस! पहिला गोल बघायचा हुकला.

बाकी मजा. कठड्याला टेकून उभं राहायचं, हातात पावात घातलेला ब्राटवुर्स्ट (जर्मन सॉसेज), आणि लाइन्समनला दिलेली शिवी त्याला नीट ऐकू जाते. कोल्हापूरकराला आणखी काय हवं? शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांच्या फुटबॉल संघांचे सामने बघून वाढलेला माणूस मी.

शेजारचे आजोबा लीगची कुंडलीच घेऊन बसले होते. 1978 साली सुरू झाली तेव्हा ही तिसरी पायरी. 1994 ला वर रेगिओनाललीगा आली, ही चौथी झाली. 2008 ला शेजारच्या नॉर्डऱ्हाइनच्या ओबरलीगाशी मिळून एनआरडब्ल्यू-लीगा (एनआरडब्ल्यू म्हणजे नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन हे राज्य) केली, ती चारच वर्षं टिकली. 2012 पासून पुन्हा जुनं नाव, पण पायरी पाचवी. बुंडेसलीगा 1963 ची, त्याआधी ‘ओबरलीगा’ म्हणजेच सर्वोच्च फुटबॉल. शेजारच्या हेर्नेचा वेस्टफालिया क्लब 1959 मध्ये ओबरलीगा वेस्टचा विजेता होता, गोलमध्ये टिल्कोव्स्की. तोच पुढे पश्चिम जर्मनीकडून 1966 ची वर्ल्ड कप फायनल खेळला. हे सांगताना आजोबांचा वुर्स्ट गार झाला.

कॉफी पाणचट. रोख पैसे आणि छत्री न्या.