स्टील कॉइल बांधायला दोर की चेन?
कळंबोलीहून कॉइल, म्हणजे स्टीलच्या पत्र्याचं गुंडाळलेलं जड वेटोळं, भरून निघणाऱ्या काही ट्रेलरवर नायलॉनचा दोरच असतो, स्वस्त पडतो, पटकन बांधून होतो, पण कॉइलची धार तो घासून कापते आणि घाटाच्या उतारावर जोरात ब्रेक लागला की 20 टनांचं धूड सरळ केबिनवर येतं. चेन महाग, वेळखाऊ, पण अशी तुटत नाही, खाली लाकडी ठोकळे मात्र पक्के हवेत, नाहीतर चेनही सैल पडते. अमेरिकेत तर पहिल्या 80 किमीच्या आत ड्रायव्हरने थांबून बांधणी तपासायचीच असा नियम आहे. आपल्याकडे माल बॉडीबाहेर आला तर 20,000 दंड आहे, पण मालकाने चेनच दिली नाही तर ड्रायव्हरने काय करायचं? माझं मत, दोरावर कॉइल असेल तर गाडी काढायचीच नाही, सरळ नाही म्हणायचं.