२४ तासांच्या युरिन टेस्टची घरपोच सर्व्हिस, आमचा अनुभव

बाबा ७१ वर्षांचे, रात्री चार-चार वेळा उठायचे, आम्ही प्रोस्टेट धरून चाललेलो पण सोनोग्राफीत तसं काही निघालं नाही, मग डॉक्टरांनी २४ तासांची युरिन टेस्ट लिहून दिली. जवळच्या लॅबवाल्यांनी कॅन घरी आणून दिला, दुसऱ्या दिवशी वेळेवर नेला, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर, एवढ्यात काहीच तक्रार नाही.

पण कॅन देणारा मुलगा फक्त "सगळी लघवी यात भरा" म्हणून गेला. सकाळी उठल्यावरची पहिली टाकून द्यायची, तिथून २४ तास मोजायचे आणि दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र धरायची, हे सांगितलंच नाही! बहिणीने फोन करून विचारलं म्हणून, नाहीतर आदल्या रात्रीचीही त्यात गेली असती आणि सगळा हिशोब चुकला असता. कॅनवर मराठीत छापा ना हे, कितीतरी घरांत म्हातारी माणसं एकटी असतात.

एका बाटलीत का भागत नाही हे डॉक्टरांनी छान समजावलं. किडनीलाही घड्याळ असतं, दिवसा ती पाणी, सोडियम, पोटॅशियम जास्त बाहेर टाकते आणि रात्री हात आखडते, त्यात झोपेत व्हेसोप्रेसिन नावाचं हार्मोन वाढतं म्हणून लघवी कमी होते नि आपल्याला सलग झोप लागते. वयाबरोबर हा दिवस-रात्रीचा फरक कमी होत जातो. त्यामुळे सकाळच्या एका सॅम्पलवरून दिवसभराचं मीठ नीट कळत नाही.

रात्रीची वेगळी मोजायला सांगितलेली पण कॅन एकच, मग मेडिकलमधून मापाचा जग आणला, प्रत्येक वेळी वहीत लिहायचं आणि मगच ओतायचं, बाबांनी रात्री अडीचलासुद्धा चष्मा लावून लिहिलं. एकूण १९०० मिली, त्यातली ९५० झोपल्यापासून सकाळच्या पहिलीपर्यंतची, म्हणजे अर्धी, पासष्टीपुढे एक तृतीयांशाच्या वर गेली की जास्त धरतात. सोडियम १९० मिलीमोल, म्हणजे साधारण ११ ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ च्या आत! रात्रीच्या जेवणात पापड, लोणचं, वर मीठ घातलेलं ताक, आम्हीच वाढत होतो. संध्याकाळी पाय सुजतात ते पाणीही आडवं झाल्यावर परत रक्तात येतं म्हणे, म्हणून आता दुपारी तासभर पाय वर करून पडतात.

सर्व्हिसला ५ पैकी ४. तीन महिन्यांनी परत करायचीय, तेव्हा दिवसाचा एक नि रात्रीचा एक असे दोन कॅन आधीच मागून घेणार, तुम्हीही डॉक्टरांना विचारून घ्या.