लिमिटिंग रिएजंटची गणितं मूडलवर: आठ महिन्यांनंतर

अकरावीला रसायनशास्त्रातली लिमिटिंग रिएजंटची गणितं (अभिक्रियेत कोणता पदार्थ आधी संपतो आणि त्यामुळे किती उत्पादन बनतं, ही) कॉम्प्युटरवर सोडवायला द्यायची असं ऑगस्टमध्ये ठरवलं, तेव्हा हाताशी दोन गोष्टी होत्या. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स आणि लॅबमधल्या सर्व्हरवर बसवलेलं मूडल, म्हणजे कॉम्प्युटरवर चाचण्या घ्यायचं सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट. आता मार्च संपत आलाय. दिवाळीपर्यंतचे माझे तीन महिने चुकीच्या पद्धतीने प्रश्न बनवण्यात गेले. दुसऱ्या कुणाचे तसे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी फेटबद्दल. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातलं 'रिअॅक्टंट्स, प्रॉडक्ट्स अँड लेफ्टओव्हर्स' सँडविचपासून सुरू होतं. दोन ब्रेड, एक चीज, एक सँडविच. सहा ब्रेड आणि पाच चीज घेतले तर सँडविच तीन होतात आणि दोन चीज उरतात, हे मुलं न थांबता सांगतात. पुढे पाणी, अमोनिया, मिथेनचं ज्वलन. तिथेही फारसं अडत नाही, कारण रेणू समोर दिसतात आणि मोजता येतात. फाइल एकदा उतरवून ठेवली की नेट गेलं तरी चालते, हे आमच्याकडे फार मोलाचं. पण या सिम्युलेशनमध्ये ग्रॅम येत नाहीत, आणि मुलं अडतात ती नेमकी ग्रॅमपाशी. त्यासाठी मूडल.

मूडलच्या 'कॅल्क्युलेटेड' प्रकारात प्रत्येक मुलाला वेगळे आकडे देता येतात, त्यामुळे शेजारच्याचं बघून लिहिणं थांबतं. मी शेवटचं उत्तर विचारत होते आणि मार्कही छान पडत होते. मग एकदा एका मुलीच्या शेजारी बसले. तिच्यासमोर अमोनिया बनवायला ५.६ ग्रॅम नायट्रोजन आणि १ ग्रॅम हायड्रोजन होता. आधी काय संपेल? "हायड्रोजन." बरोबर. का गं? "मॅडम, त्याचे ग्रॅम कमी आहेत ना." उत्तर बरोबर, विचार पूर्ण चुकलेला, आणि माझ्या प्रश्नाने तिला पूर्ण मार्क दिले होते. त्या रात्री सगळे प्रश्न काढून पुन्हा तपासले. निम्म्याहून जास्त प्रश्नांत 'कमी ग्रॅम' धरूनही उत्तर बरोबर येत होतं.

तेव्हापासून प्रश्न जोडीने बनवते. पहिला: १४ ग्रॅम नायट्रोजन, ४ ग्रॅम हायड्रोजन. म्हणजे ०.५ आणि २ मोल (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या; नायट्रोजनचा एक मोल २८ ग्रॅम, हायड्रोजनचा २ ग्रॅम). समीकरणात एक मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो आणि दोन मोल अमोनिया बनतो. इथे जास्त ग्रॅम असूनही नायट्रोजन आधी संपतो, त्यामुळे ग्रॅम बघणारा अडकतो. दुसरा: १४ ग्रॅम नायट्रोजन, २.४ ग्रॅम हायड्रोजन. म्हणजे ०.५ आणि १.२ मोल. इथे मोल जास्त असूनही हायड्रोजन संपतो, कारण दीड मोल हवा होता. नुसते मोल बघून समीकरणातले सहगुणक (हे एकास तीन) विसरणारा इथे सापडतो. दोन्ही सुटले तरच पुढे जायचं.

दुसरा बदल चुकीच्या उत्तरांचा. मूडलमध्ये बरोबर उत्तराच्या सूत्राखाली चुकीच्या वाटेचंही सूत्र शून्य मार्कांनी घालता येतं, आणि त्याला स्वतंत्र शेरा देता येतो. पहिल्या प्रश्नात हायड्रोजन संपतो असं धरलं तर अमोनिया २२.६७ ग्रॅम येतो. हे उत्तर आलं की मुलाला दिसतं: "एकूण १८ ग्रॅमच घेतले होते. मग २२.६७ कसे झाले?" खरं उत्तर १७ ग्रॅम अमोनिया आणि १ ग्रॅम उरलेला हायड्रोजन. बेरीज १८. हा एक शेरा माझ्या फळ्यावरच्या तीन तासांपेक्षा जास्त कामाला आला. डिसेंबरात मुलं वहीत आपणहून दोन्ही बाजूंची बेरीज करून बघायला लागली होती. ही कल्पना जुनी आहे. कॉम्प्युटरवर शिकवायच्या इलिनॉय विद्यापीठाच्या जुन्या प्लेटो यंत्रणेवर धडे लिहायची टुटर भाषा होती, तिच्यात अपेक्षित चुकीसाठी 'राँग' अशी वेगळी आज्ञाच होती.

त्रासही सांगते. एक चांगली जोडी बनवायला पूर्ण संध्याकाळ जाते. आकडे आपोआप बदलतात तेव्हा कधी एक वायू संपतो, कधी दुसरा. म्हणून सूत्रात 'मिन' (दोन आकड्यांतला लहान निवडणारं फंक्शन) वापरावं लागतं, नाहीतर उरलेला वायू उणे येतो. माझ्याकडून हे झालं आणि दोन मुलं तासभर स्वतःची चूक शोधत बसली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांची माफी मागितली. उत्तरातल्या फरकाला मूडलची मूळची एक टक्क्याची सूट ठेवली तर मधल्या पायरीत दशांशानंतर एकच अंक ठेवणाऱ्यांची रीत बरोबर असूनही उत्तर चूक ठरतं. मी ती तीन टक्के केली.

एक उणीव मात्र भरून निघालेली नाही. मधली पायरी वेगळी विचारली तरी मुलाने कागदावर काय केलं ते मूडलला दिसत नाही. म्हणून दर शुक्रवारी एका गणिताचं वहीतलं पान फोटो काढून चढवायला सांगते आणि साठ पानं स्वतः वाचते. पुढच्या वर्षीच्या शून्य मार्कांच्या सूत्रांची यादी मी त्याच पानांवरून करतेय. आत्तापर्यंत अकरा झालीत. त्यातल्या चारांत मुलांनी नायट्रोजनच्या एका मोलचं वस्तुमान २८ ऐवजी १४ धरलंय, आणि नेमकी ही चूक ओळखणारं सूत्र माझ्या एकाही प्रश्नात अजून नाही.