ओएस अपग्रेडनंतर स्क्रिप्ट मोडली: दुरुस्ती, जुनं टूल, कंटेनर की नव्यानं लिहिणं?

अपग्रेड नीट पार पडतो, मशीन सुरू होतं, आणि सकाळी कळतं की रात्रीचा बॅकअप झालाच नाही. अशा वेळी समोर चार वाटा असतात. स्क्रिप्ट नव्या सिस्टिमला जुळवून घ्यायची, जुनं टूल परत बसवायचं, जुनं वातावरण कंटेनरात (स्वतःच्या लायब्ररींसह वेगळ्या बंद खोक्यात) जपायचं, किंवा सगळं नव्यानं लिहायचं. यातली कुठली घ्यायची हे बहुतेक जण स्क्रिप्ट किती मोठी आहे ते पाहून ठरवतात, आणि तिथेच चुकतात. नेमकं काय मोडलंय, आणि ते आवाज करून मोडलंय की निमूटपणे, हे आधी बघायला हवं. एरर देऊन थांबलेली स्क्रिप्ट अर्ध्या तासात मार्गी लागते. शून्य एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’) देऊन चुकीचं काम करत राहणारी स्क्रिप्ट मात्र बॅकअप परत घ्यायची वेळ येते तेव्हाच सापडते.

निवड करण्याआधीचं निदान

एक्झिट कोड बघा. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं, तर बहुधा शेबँगमधला (पहिल्या ओळीत नेमलेला) इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, गायब आहे. मग ‘बॅश -एक्स’नं (बॅश हे कमांड चालवणारं शेल, ‘-एक्स’ प्रत्येक ओळ छापतो) चालवा, आणि त्याआधी पीएस४ या व्हेरिएबलमध्ये लाइन नंबर घाला, म्हणजे प्रत्येक ओळीपुढे तिचा क्रमांक उमटेल.

टर्मिनलमध्ये चालते पण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) मोडते, असं असेल तर ‘एन्व्ह -आय’ वापरून रिकाम्या वातावरणात चालवा आणि पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन ठेवा. क्रॉनला साधारण एवढंच मिळतं. एखादी कमांड कुठून उचलली जातेय हे ‘टाइप -ए’ सांगतं. एकाच नावाच्या दोन कमांड तिथे दिसल्या, तर बरंचसं कोडं तिथेच सुटतं.

एक प्रकार चारही वाटांबाहेरचा आहे, तो आधी बाजूला काढा. मॅकओएस कॅटालिना (२०१९) पासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे फोल्डर वेगळ्या परवानगीखाली गेले. क्रॉनमधली स्क्रिप्ट तिथे पोचली की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं, आणि सीएचमॉड (फाइलची परवानगी बदलणं) किंवा सूडो (अ‍ॅडमिन म्हणून चालवणं) करून काही फरक पडत नाही. क्रॉनला फुल डिस्क अ‍ॅक्सेस देता येतो, पण मग क्रॉनमधल्या प्रत्येक जॉबला तो मिळतो. त्यापेक्षा स्क्रिप्ट आणि तिचा डेटा त्या फोल्डरांबाहेर हलवावा.

जागच्या जागी दुरुस्ती

जे मोडलं त्याला सरळ पर्याय ठरलेला असेल, तर हीच वाट सर्वांत स्वस्त. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपच्या ३.८ (२०२२) आवृत्तीपासून ‘ईग्रेप’ आणि ‘एफग्रेप’ इशारा छापतात. काम थांबत नाही, पण तो इशारा एरर स्ट्रीमवर जातो आणि एरर स्ट्रीम तपासणारं मॉनिटरिंग उगाच ओरडायला लागतं. ‘ग्रेप -ई’ (मोठा ई) आणि ‘ग्रेप -एफ’ (मोठा एफ) लिहिलं की विषय संपला. पायथन ३.१२ मधून ‘डिस्टयुटिल्स’ आणि ‘इंप’ हे मॉड्यूल गेले, ३.१३ मधून ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’, ‘क्रिप्ट’ आणि ‘पाइप्स’ गेले. ‘पाइप्स’मधल्या कोट फंक्शनऐवजी ‘एसएचलेक्स’मधलं, ‘इंप’ऐवजी ‘इंपोर्टलिब’, आणि आवृत्त्यांची तुलना करायला ‘पॅकेजिंग’. ही अदलाबदल तासाभराची आहे.

पायथन २ ची स्क्रिप्ट मात्र या गटात धरू नका. त्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि मॅकओएस १२.३ (२०२२) मध्ये तो सिस्टिममधूनच काढला गेला. शेबँग बदलून ‘पायथन३’ केलं आणि प्रिंटला कंस घातले की स्क्रिप्ट चालायला लागते, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. पायथन २ मध्ये ५ भागिले २ म्हणजे २, पायथन ३ मध्ये २.५. पानांची संख्या किंवा फाइलींचे गट भागाकारानं काढत असाल, तर एरर न येता आकडा बदलेल. भागाकाराची प्रत्येक खूण शोधा, आणि पूर्णांक हवा असेल तिथे दुहेरी तिरकी रेघ घाला.

शेलमधलंही असंच एक उदाहरण घ्या. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि त्यावरची बरीच मशीन डेबियन किंवा उबुंटूवर हलवावी लागली. तिकडे /बिन/एसएच म्हणजे बॅश होतं, इकडे ते डॅश हे छोटं शेल आहे (उबुंटूत ६.१० पासून, म्हणजे २००६ पासून). आता स्क्रिप्टमध्ये इफच्या एकेरी चौकटी कंसात दुहेरी बरोबर-चिन्ह असेल, तर डॅश ‘अनएक्स्पेक्टेड ऑपरेटर’ असं म्हणतो, तुलना कोड २ देते, आणि इफ खोटं समजून एल्सकडे जातो. ‘सेट -ई’ (चूक होताच थांबा) असूनही स्क्रिप्ट थांबत नाही, कारण इफच्या अटीतल्या अपयशाला तो नियम लागू नाही. म्हणजे ‘सर्व्हर प्रॉडक्शन असेल तर हात लावू नको’ अशी अट असेल, तर ती उलटी लागते. दुरुस्ती एका अक्षराची आहे: एकच बरोबर-चिन्ह ठेवा, किंवा शेबँगमध्ये स्पष्टपणे बॅश लिहा. शेलचेक हा तपासनीस अशा जागा न चालवताच दाखवतो. हलवाहलवीआधी सगळ्या स्क्रिप्ट त्यातून काढाव्यात.

जुनं टूल परत आणणं

ही वाट मोहाची आहे. एक पॅकेज बसवलं की झालं, असं वाटतं. पण टूल परत आलं म्हणून त्याचं जुनं वागणं परत येतंच असं नाही. ‘इफकॉन्फिग’ हे नेटवर्कची माहिती दाखवणारं टूल घ्या. डेबियन ९ पासून ते मुळात बसवलेलं नसतं. ‘नेट-टूल्स’ पॅकेज बसवलं की कमांड मिळते, पण आउटपुटचा साचा बदललेला असतो. आधी ‘इनेट अ‍ॅडर’ आणि पुढे कोलन असायचं, आता नुसतं ‘इनेट’. जुना ग्रेप काहीच पकडत नाही, आयपीचं व्हेरिएबल रिकामं राहतं आणि स्क्रिप्ट ते रिकामंच पुढे वापरते. इथे ‘आयपी’ कमांडकडे वळा, तिचं जेसन आउटपुट ‘-जे’नं घ्या आणि जेसन वाचणाऱ्या ‘जेक्यू’ टूलनं वाचा. इंटरफेसचं नावही तपासा, ईटीएच० च्या जागी ईएनपी३एस० सारखं नाव आलेलं असू शकतं.

मॅकवर गोष्ट आणखी फसवी आहे. अ‍ॅपलचा बॅश ३.२ वर थांबलेला आहे, म्हणून लोक होमब्रू या पॅकेज मॅनेजरमधून बॅश ५ घेतात. इंटेल मॅकवर होमब्रू /यूएसआर/लोकलमध्ये असतो, अ‍ॅपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रूमध्ये. नव्या मॅकवर आल्यावर पक्का पाथ लिहिलेली शेबँग लगेच एरर देते. त्यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे ‘एन्व्ह बॅश’ (पाथमध्ये पहिला सापडेल तो बॅश) लिहा. टर्मिनलमध्ये ते चालतंही. पण क्रॉन किंवा लाँचडी (मॅकची तशीच सेवा) यांच्या पाथमध्ये होमब्रू नसतो, त्यामुळे तिथे निमूटपणे ३.२ उचलला जातो. ‘डिक्लेअर -ए’ (मोठा ए) ही असोसिएटिव्ह अ‍ॅरेची (नावानं नोंदी ठेवणाऱ्या यादीची) ओळ ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ देऊन पडते, स्क्रिप्ट मात्र पुढे जाते. पुढच्या ओळींत प्रत्येक की गणिती पद भासते, तिची किंमत शून्य निघते, आणि सगळ्या नोंदी शून्याव्या घरात एकमेकींवर लिहिल्या जातात. उरते फक्त शेवटची. पाच फोल्डरांचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट एकाचाच घेते आणि शून्य कोड देऊन संपते. म्हणून एन्व्ह वापरायचाच असेल, तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला बॅशची मुख्य आवृत्ती तपासा आणि ४ पेक्षा कमी असेल तर तिथेच बाहेर पडा. लाँचडीच्या फाइलमध्येही पाथ स्वतः लिहा.

एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनच्या) बाबतीत जुनं परत आणणं योग्य ठरतं, पण मोजून. ओपनएसएसएच ८.८ (२०२१) पासून एसएचए-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेली ‘एसएसएच-आरएसए’ सही बंद आहे. जुना स्विच किंवा राउटर फक्त तीच देत असेल, तर ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड’ येतं. आरएसए की वाईट झालेली नसते, सहीची पद्धत बंद झालेली असते, त्यामुळे नव्या की बनवत बसू नका. कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या होस्टच्या ब्लॉकखाली ‘होस्टकीअल्गोरिदम्स’ आणि ‘पबकीअ‍ॅक्सेप्टेडअल्गोरिदम्स’ला अधिकच्या चिन्हासह ‘एसएसएच-आरएसए’ जोडा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ वर अख्ख्या मशीनचं क्रिप्टो धोरण लेगसी (जुन्या पद्धती चालवून घेणारं) करण्याचा सल्ला मिळेल. एका राउटरपायी सगळी दारं उघडली जातात, म्हणून तो शेवटचा उपाय. एससीपी (एसएसएचवरून फाइल पाठवणारी कमांड) मोडलं असेल तर कारण वेगळं: ओपनएसएसएच ९.० (२०२२) पासून ते आतून एसएफटीपी हा वेगळा प्रोटोकॉल वापरतं. समोरच्या उपकरणात एसएफटीपी नसेल, तर ‘-ओ’ (मोठा ओ) देऊन जुना प्रोटोकॉल मिळतो.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट: जपायचं नाही, पुन्हा बनवायचं

उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० आहे, २४.०४ मध्ये ३.१२. अपग्रेडनंतर जुन्या व्हेन्वमधली (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एका कामासाठी वेगळा ठेवलेला पायथन) पायथनची लिंक ३.१२ कडे जाते, पण लायब्ररी ‘लिब/पायथन३.१०’ खाली पडून असतात. म्हणून ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. घाईत ‘पिप’ या पायथनच्या इन्स्टॉलरनं सिस्टिमवर बसवायला गेलात, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा नकार मिळतो, आणि ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ पर्यायानं तो मोडून काढावासा वाटतो. तो पर्याय नावाप्रमाणेच वागतो. सिस्टिमची स्वतःची टूल्स ज्या पायथनवर चालतात, त्यातच तुम्ही फेरफार करता.

व्हेन्व पुसून नवा बनवा. रिक्वायरमेंट्सची यादी कधी ठेवलीच नसेल, तरी पुसण्याआधी जुन्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये बघा. तिथे ‘डिस्ट-इन्फो’नं संपणारे फोल्डर दिसतील, आणि प्रत्येकाच्या नावात पॅकेज व त्याची आवृत्ती असते. त्यावरून यादी उभी राहते.

कंटेनर

स्क्रिप्ट फाइल घेते, फाइल देते, आणि मध्ये जुन्या इंटरप्रिटरच्या लायब्ररींची गुंतागुंत आहे, असं असेल तर कंटेनरसारखी दुसरी सोय नाही. रिपोर्ट बनवणं, जुन्या फॉरमॅटचं रूपांतर, अशी कामं त्यात नीट बसतात. युजर तयार करणं, डिस्क माउंट करणं, सर्व्हिस पुन्हा सुरू करणं ही कामं मात्र त्यात कोंबू नयेत. यजमान मशीनवर हात पोचावा म्हणून इतक्या परवानग्या द्याव्या लागतात की वेगळेपणाचा हेतूच उरत नाही.

अडचणी ठरलेल्या असतात. आउटपुट फाइली रूटच्या (अ‍ॅडमिनच्या) नावावर पडतात, म्हणून ‘युजर’ पर्यायानं आपला आयडी द्या. कंटेनरातलं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, त्यामुळे तारखेवरून फाइलचं नाव बनत असेल तर मध्यरात्रीच्या आसपास दिवस चुकतो. टाइमझोन स्पष्ट द्या. इमेजला (कंटेनरच्या साच्याला) ‘लेटेस्ट’ टॅग नको. बांधलेली इमेज ‘डॉकर सेव्ह’नं फाइलमध्ये ठेवा, कारण डेबियनच्या जुन्या आवृत्त्या मुख्य सर्व्हरवरून आर्काइव्हमध्ये हलतात आणि वर्षभरानं तीच डॉकरफाइल (इमेजची कृती) बांधायला गेलं की पॅकेजेस मिळत नाहीत. शिवाय कर्नल (ओएसचा गाभा) यजमानाचाच असतो. सेंटओएस ६ च्या काळातली इमेज नव्या कर्नलवर सुरू होताच १३९ कोड देऊन पडू शकते, कारण जुन्या जीलिबसीला (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीला) लागणारं व्हीसिसकॉल हे कर्नलमधलं जुनं तंत्र बंद केलेलं असतं. कंटेनर निवडला असेल तर हे अपग्रेडच्या दिवशीच तपासा.

नव्यानं लिहिणं

विंडोजवर ही वाट बऱ्याचदा टळत नाही. व्हीबीस्क्रिप्ट ही विंडोजची जुनी स्क्रिप्ट भाषा मागे घेत असल्याचं मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं. ‘डब्ल्यूएमआयसी’ हे सिस्टिमची माहिती देणारं टूल विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये मुळात चालू नसतं. ते ऐच्छिक फीचर म्हणून घालता येतं, पण त्यावर नवं काही उभारू नये. ‘गेट-सिमइन्स्टन्स’ हा त्याचा वारस. लिहिताना पॉवरशेल ५.१ की ७ हे आधी ठरवा. ७ मध्ये ‘गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट’ नाही, आणि फाइलकडे वळवलेलं आउटपुट ५.१ यूटीएफ-१६ मध्ये लिहितं तर ७ बीओएमशिवाय (सुरुवातीची खूण न घालता) यूटीएफ-८ मध्ये. ती फाइल दुसरा कुठला प्रोग्रॅम वाचत असेल, तर मोडतोड तुमच्या स्क्रिप्टमध्ये न दिसता त्या प्रोग्रॅममध्ये दिसेल.

लिनक्स आणि मॅकवर मी नव्यानं लिहायची शिफारस एकाच स्थितीत करेन: तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा अपग्रेडमध्ये मोडली असेल, आणि दोन्ही वेळा कारण दुसऱ्या कमांडचं आउटपुट कापून वाचणं हेच असेल. बाकी वेळी जुन्या स्क्रिप्टमध्ये साठलेल्या बारीकसारीक सोयी नव्या लिखाणात हरवतात.

अख्खी ओएस मागे नेणं हा पाचवा पर्याय फक्त वेळ विकत घेतो, आणि स्नॅपशॉटनंतर लिहिलेला डेटा वेगळा काढून ठेवला नसेल तर तो जातो.

ताबा देण्याआधीची तुलना

कुठलीही वाट घेतली तरी जुनी आणि नवी स्क्रिप्ट एकाच इनपुटवर चालवून आउटपुटचा डिफ (ओळींमधला फरक) काढा. इथे एक खड्डा आहे. जीलिबसी २.२८ (२०१८) मध्ये अक्षरक्रमाचे नियम बदलले, म्हणून डेबियन १० आणि रेड हॅट ८ पासून ‘सॉर्ट’ त्याच फाइलचा वेगळा क्रम देऊ शकतो. जुन्या मशीनवर लावलेली यादी नव्यावर याद्या जुळवणाऱ्या ‘कॉम’ किंवा ‘जॉइन’ला दिली, तर ‘नॉट इन सॉर्टेड ऑर्डर’ येतं. दोन्हीकडे एलसी_ऑल या व्हेरिएबलची किंमत ‘सी’ ठेवा, दोन्ही याद्या नव्यानं लावा, मग डिफ घ्या. त्याच मशीनवर पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस असेल, तर मजकुरावरचे इंडेक्सही त्याच कारणानं पुन्हा बांधावे लागतात.